परराज्यातला एरोल डार्डार

एरोल डार्डारला "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारणाऱ्याची कॉफी हमखास गार व्हायची. एरोल सुरुवात करायचा ती लुइझियानाच्या दक्षिण टोकापासून, जिथे त्याचा बाप कोळंबीची बोट चालवायचा आणि दर वादळात घराचं अंगण थोडं थोडं समुद्रात जायचं. तिथून तो जॉर्जियात यायचा, मग केंटकीत, मग पार वरच्या वॉशिंग्टन राज्यात. मधेच कोळंबी सोलायची खरी पद्धत कोणती, यावर एक फेरी व्हायची. आणि शेवटी कॅन्सस. गाडीची नंबरप्लेट वॉशिंग्टनची, खिशातलं लायसन लुइझियानाचं, अंगातला कोट केंटकीत सेलमध्ये घेतलेला. "आता तुम्हीच सांगा, मी कुठला," असं म्हणून तो समोरच्याच्या पाठीवर थाप मारायचा. ती जरा जोरातच बसायची. माणूस दारातून वाकून आत येणारा, आणि बोटीवरचे दोर ओढून ओढून पंजे फावड्याएवढे झालेले.

एवढ्या गावांची धूळ खाल्ली ती लष्करी बदल्यांमुळे, पण लष्करात तो स्वतः कधीच नव्हता. लष्करात होती त्याची बायको सेलेस्ट. ती हेलिकॉप्टरची इंजिनं दुरुस्त करायची. दोघांची ओळखसुद्धा इंजिनावरूनच झाली. तरुणपणी एकदा एरोलची बोट खाडीच्या मधोमध बंद पडली. शेजारून जाणाऱ्या आपल्या काकाच्या बोटीतून ही पोरगी उडी मारून आली, एरोलकडे ढुंकूनही न बघता तिनं इंजिन चालू केलं आणि परत गेली. पुढच्या रविवारी तो तिच्या घरी आभार मानायला गेला आणि रात्रीचं जेवण होईपर्यंत आभारच मानत बसला. तिच्या आईनं तेव्हाच ओळखलं की हा आता काही हलत नाही.

लग्न झालं, सेलेस्ट भरती झाली, नोएली नावाची मुलगी झाली, आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलीचा हुकूम यायला लागला. हुकूम आला की सेलेस्टचं काम सोपं असायचं. दिलेल्या तारखेला दिलेल्या जागी हजर व्हायचं. बाकी सगळं एरोलकडे. नव्या गावात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरात पडदे लागलेले असायचे, नोएलीची शाळा ठरलेली असायची, बरी भेंडी कोणत्या दुकानात मिळते ते कळलेलं असायचं, आणि शेजारी कोणाकडे उंच शिडी आहे हेसुद्धा. मग तो मिळेल ते काम धरायचा. एका गावात टायरचं दुकान, एका गावात शाळेची बस, एका ठिकाणी किराणा दुकानातला मासळीचा ठेला. पोटापाण्याची कधी अडचण आली नाही. पण कुठलंच काम त्याचं स्वतःचं नव्हतं.

जॉर्जियात असताना, नोएली अजून पाळण्यात होती तेव्हा, तो एका कॉलेजात चौकशी करायला गेला होता. शिकायची हौस त्याला पहिल्यापासून होती. बोटीनं ती पुरी होऊ दिली नव्हती. खिडकीतल्या पोरानं विचारलं, राज्यात येऊन वर्ष झालं का? झालं नव्हतं. मग तुम्ही परराज्यातले, पोरगा म्हणाला, आणि परराज्यातल्यांची फी सांगितली. ती इथल्यांच्या जवळजवळ तिप्पट होती. तेव्हाचा नियमच तसा होता, पोराचा काही दोष नव्हता. वर्ष पुरं होईल मग बघू, असं म्हणून एरोल घरी आला. वर्ष पुरं झालं आणि त्याच सुमाराला केंटकीचा हुकूम आला. केंटकीत पुन्हा पहिल्यापासून नवखा.

एरोलनं त्याचा विनोद करून टाकला. "कॉलेज इथल्यांसाठी असतं, आणि मी कुठलाच इथला नाही," असं तो चारचौघांत हसत सांगायचा. लोकही हसायचे. सेलेस्ट मात्र हसायची नाही. तिनं एक गोष्ट हेरली होती. गाडी एखाद्या कॉलेजवरून गेली की नवऱ्याची बडबड थोडा वेळ थांबायची. एरोल गप्प बसणं ही त्या घरात लक्षात येण्यासारखी गोष्ट होती.

कॅन्ससला आल्यावर तो लष्करी कुटुंबांच्या मंडळात जायला लागला. दर गुरुवारी सकाळी तळावरच्या हॉलमध्ये सगळ्या बायका जमायच्या, कॉफी, केक आणि गावभरच्या बातम्या. त्यात एकटा बाप्या एरोल. सुरुवातीला बायका जरा सावरून बसल्या. तिसऱ्या गुरुवारी त्यानं भलंमोठं पातेलं भरून गंबो आणला, भेंडी आणि सॉसेज घातलेला तो दाट रस्सा भातावर वाढला, आणि त्यानंतर तो आला नाही तर बायका फोन करून चौकशी करायला लागल्या.

तिथेच त्याची बर्डी हॅस्केलशी गाठ पडली. बर्डी मोंटॅनाची, चणीनं एवढीशी, पण बोलायला लागली की एरोललाही थांबावं लागायचं. तिचा नवरा निवृत्तीला आला होता आणि ती पन्नाशीच्या जवळ जाऊन कॉलेजात हिशेबशास्त्र शिकत होती. एकदा बोलता बोलता तिनं सांगितलं की कॉलेज तिला कॅन्ससवाल्यांचीच फी लावतं. एरोल म्हणाला, ते शक्यच नाही. तुझं मोंटॅनाचं लायसन मी स्वतः बघितलंय.

"अरे, नवरा इथे नेमलेला आहे ना," बर्डी म्हणाली. "मग बायकापोरांना इथलीच फी. देशभर तसंच आहे. कायदा होऊन कितीतरी वर्षं झाली. तू होतास कुठे?"

"टायर बदलत होतो," एरोल म्हणाला.

त्याचा विश्वास बसला नाही तो नाहीच. शेवटी पैज लागली. बर्डी खरी निघाली तर एरोलनं अख्ख्या मंडळाला गंबो घालायचा. खोटी निघाली तर बर्डीनं भर थंडीत त्याची गाडी धुवायची.

टेकडीवरच्या सरकारी कॉलेजात जायच्या आधी एरोलनं गाडीत बसून भाषणाची तालीम केली. मुद्दे चांगले होते. माझी बायको देशाची हेलिकॉप्टरं उडती ठेवते. आम्ही गावं बदलतो ती हौसेनं नव्हे. शिवाय गेलं वर्षभर मी कॅन्ससचा वारा खातोय, तो काही फुकट खाल्लेला नाही. कागदांची पिशवी काखोटीला मारून तो आत गेला. टेबलापलीकडे मिसेस उनरू म्हणून एक शांत, पिकल्या केसांच्या बाई होत्या. पुढ्यात चिलीची, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याची, वाटी आणि दालचिनीचा गोड पाव होता, आणि पावाचा तुकडा त्या चिलीत बुडवून खात होत्या. कॅन्ससमध्ये सगळे तसंच खातात. एरोलला ते अजून बघवत नसे.

"बायको कुठे नेमलेली आहे तुमची?" बाईंनी विचारलं.

"इथेच. पलीकडच्या तळावर."

"हुकुमाची प्रत आणलीय?"

त्यानं पिशवीतून प्रत काढून दिली. बाईंनी ती वाचली, बोटं पुसली आणि कॉम्प्युटरवर काहीतरी टिपलं. "झालं. तुम्हाला कॅन्ससवाल्यांचीच फी."

"झालं म्हणजे?"

"म्हणजे झालं. अजून काही हवं होतं का?"

एरोल खुर्चीतच बसून राहिला. इतकी वर्षं ज्या दाराला कुलूप आहे असं धरून चाललो ते नुसतं लोटलेलं होतं, हे एकदम पचनी पडेना. मग त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, की बाई, मी भाषण तयार करून आणलं होतं. मिसेस उनरूंनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, पुढचा विद्यार्थी येईपर्यंत मोकळी आहे, करा. त्यानं ते उभं राहून, हातवारे करून, पहिल्यापासून शेवटपर्यंत केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वाऱ्याचा मुद्दा सगळ्यात चांगला आहे असं मत दिलं.

गुरुवारी गंबो झाला.

शिकायचं काय, हा प्रश्न एरोलनं झटक्यात सोडवला. दातांच्या दवाखान्यात डॉक्टरच्या आधी एक माणूस असतो, तो दातांवरचं कीटण खरवडतो, हिरड्या तपासतो, घासायचं कसं ते शिकवतो. ते. बर्डीला वाटलं हा थट्टा करतोय. पण एरोलच्या गावात दातांचा डॉक्टर नव्हता. तिथे चाळिशीच्या आत लोकांचे दात जायचे. त्याचा बाप हसताना तोंडावर हात धरायचा. कधी हात जाळ्यात गुंतलेले असले तर तो हसायचाच नाही. ही हकीकत एरोलनं सेलेस्टशिवाय कुणाला सांगितली नव्हती. बाकीच्यांना तो सांगायचा, की मी बोलत असताना समोरच्याला मधे तोंड घालता येणार नाही असा हा एकच धंदा आहे.

आधीचं जीवशास्त्र, रसायनशास्त्र पदरात पाडून तो मुख्य वर्गात गेला. सगळ्या मुली, बहुतेक विशीच्या आतबाहेरच्या, आणि त्यात हा. हातमोजे त्याच्या मापाचे मिळेनात. शेवटी ते खास मागवावे लागले. पहिले काही आठवडे त्याची अवजारं प्लास्टिकच्या दातांवरून सारखी निसटायची. "मिस्टर एरोल, दात आहे तो, नांगर नव्हे," असं मास्तरीणबाई म्हणाल्या की वर्ग खिदळायचा. एरोल घरी येऊन नोएलीच्या मेणाच्या रंगीत खडूंवर खरवडायचा सराव करायचा. इंजिनांतल्या बारीक फटी कशा साफ करतात ते सेलेस्टनं त्याला दाखवलं. मनगट सैल, बोटं टेकलेली, जोर कमी. तिची युक्ती उपयोगी पडली. हात हलका झाला.

पण तो वर्गात खरा भाव खाऊन गेला तो रुग्ण आणण्यात. या विद्यार्थ्यांना सरावासाठी रुग्ण स्वतःच शोधावे लागतात, आणि शिकाऊ माणसापुढे तासन्‌तास आ करून बसायला कोण तयार होणार? पोरी मावश्या-आज्यांना गळ घालून थकल्या होत्या. एरोल गुरुवारी मंडळात उभा राहिला आणि म्हणाला, की दात फुकट साफ होतील, वर वाटीभर गंबो मिळेल. बायका आल्या, त्यांचे नवरे आले, नवऱ्यांच्या तुकड्या आल्या. एकदा तर एक अख्खी पलटण कवायतीच्या शिस्तीत दवाखान्याबाहेर रांगेत उभी राहिली. एरोलनं आपल्यापुरते ठेवून बाकीचे वर्गातल्या पोरींना वाटून टाकले. तेव्हापासून वर्गात त्याला सगळ्या पोरी 'पप्पा' म्हणायला लागल्या आणि नांगराचा विनोद बंद झाला.

शेवटचं एक वर्ष राहिलं होतं, आणि वसंतात सेलेस्टचा हुकूम आला. अलास्का.

एरोलनं तो वाचला, घडी घातली, आणि गॅरेजमध्ये जाऊन खोकी काढायला लागला. सेलेस्ट त्याच्या मागोमाग गेली आणि दारात हाताची घडी घालून उभी राहिली.

"काय करतोयस?"

"खोकी तपासतोय. काहींचे तळ गेलेत."

"तुझं एक वर्ष राहिलंय."

एरोलनं ऐकवलं, की हे शिक्षण दुसऱ्या कॉलेजात अर्ध्यावरून धरता येत नाही हे खरं, पण तू कॅन्ससमधून गेलीस की मी पुन्हा परराज्यातला. ती फी आपल्याला झेपायची नाही. तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही. हे सगळं तो खोक्याकडे बघत बोलला.

"तू विचारलंस?" सेलेस्ट म्हणाली. "कॉलेजात जाऊन विचारलंस, की जॉर्जियानंतर दर वेळी केलंस तसं याही वेळी घरीच ठरवून मोकळा झालास?"

हे वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी तो टेकडीवर गेला. मिसेस उनरूंनी सांगितलं, की तुमचं नाव या कॉलेजात खंड न पडता चालू आहे तोवर फी हीच. बायको अलास्काला जावो की जपानला. फक्त मधेच शिक्षण सोडून पुन्हा येऊ नका. एरोलनं दोनदा विचारलं, बाईंनी दोनदा तेच सांगितलं.

आता कारण उरलं नव्हतं, आणि म्हणूनच एरोल जास्त घाबरला. सेलेस्ट अफगाणिस्तानला गेली होती तेव्हाही तो मागे राहिला होता. पण तेव्हा वरून हुकूम होता, कुणाचं काही चालणार नव्हतं. आता आपण होऊन राहायचं होतं. बायकोला एकटीला पाठवून आपण आपल्या कामासाठी मागे राहणं, या गोष्टीला त्याच्याकडे शब्दच नव्हता. जेवणाच्या टेबलावर त्यानं फीबद्दल सांगितलं आणि लगेच अलास्कातल्या थंडीकडे वळला. सेलेस्टनं त्याला थांबवलं.

"इतकी वर्षं तू माझ्या मागनं आलास. मी कधी विचारलंसुद्धा नाही, येतोस का म्हणून. मी हुकूम सांगायचे आणि तू खोकी काढायचास."

"मला आवडतात खोकी."

"एरोल."

"बरं. नाही आवडत."

"मग रहा. मला तिथे तुझी गरज आहे, पण तू अर्धवट राहिलेला नकोस. पुढच्या उन्हाळ्यात ये, पुरा होऊन ये."

शेजारी नोएली बसली होती, तेरा वर्षांची. मला कुणी विचारणार आहे की नाही, असं तिनं मोठ्यानं विचारलं. विचारल्यावर तिनं सांगितलं, की शाळेच्या बँडमध्ये ती ट्रॉम्बोन वाजवते, आणि एकाच शाळेच्या वार्षिक पुस्तकात तिचा फोटो दोनदा आलाय, असं आयुष्यात पहिल्यांदा झालंय. तिसऱ्यांदा यायला हवा. "मम्मी, तू जा," ती म्हणाली. "डॅडीकडे मी बघते."

सेलेस्ट अलास्काला गेली. लष्करी घर सोडावं लागलं, तेव्हा बर्डीनं आपलं तळघर दिलं. तिचा नवरा आता निवृत्त होऊन तिथेच स्थायिक झाला होता, आणि मुळात अबोल माणूस. घराखाली ट्रॉम्बोन आणि एरोल दोन्ही एकदम आल्यावर त्यानं बागेत जास्त वेळ काढायला सुरुवात केली, एवढंच. चक्रीवादळाचा भोंगा वाजला की हॅस्केल पतिपत्नी आसऱ्याला तळघरात उतरायची, आणि एरोल त्यांना पाहुणे आल्यासारखं जेवायला वाढायचा.

तिकडे सेलेस्टची वेगळीच गंमत चालली होती. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला तो किराणा दुकानातून. आपण भांडी घासायला कुठला साबण वापरतो? दुसऱ्या दिवशी, उशा कुठल्या खोक्यात आहेत? तिसऱ्या आठवड्यातही ती खोक्यांच्या मधोमध उभी राहून दूध आणि कॉर्नफ्लेक्स खात होती. हेलिकॉप्टर खोलून पुन्हा जोडणारी बाई, पण घर काही तिच्याच्यानं उभं राहीना. फोनवर तिनं कबूल केलं, की मला वाटायचं घरं आपोआप लागतात.

"शेजारी जा आणि काहीतरी मागून आण," एरोलनं सांगितलं.

"माझ्याकडे सगळं आहे."

"असू दे. तरी मागायचं. त्याशिवाय लोकांना तू आल्याचं कळणार कसं?"

सेलेस्टला हे पटलं नाही, पण ती गेली. डबे उघडायचं यंत्र मागितलं, तिच्याकडे दोन असताना. शेजारीण यंत्राबरोबर मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या मांसाचा वाटीभर रस्सा घेऊन आली, आणि पडदे लावूनच परत गेली. त्या रविवारी सेलेस्टनं फोनवर सगळं घर फिरून दाखवलं. पडदे वाकडे होते. एरोलनं त्यावर एक शब्द काढला नाही, आणि बायकोच्या मते त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं प्रेमाचं बोलणं होतं.

मागे राहिलेल्या एरोललाही त्या वर्षानं काहीतरी दिलं. गाव ओळखीचं झालं होतंच, आता ते त्याला ओळखायला लागलं. किराणा दुकानातली मुलगी न विचारता भेंडी बाजूला काढून ठेवायची. गवताच्या टेकड्यांवर वसंतात लोक गवत पेटवतात, त्याचा वास आला की आता पाऊस किती दिवसांत येईल ते त्याला सांगता यायला लागलं. आणि एक दिवस चिलीबरोबर दालचिनीचा पाव आपण न बोलता खाल्ला, हे त्याला खाऊन झाल्यावर लक्षात आलं.

परीक्षा झाल्या. शेवटच्या प्रात्यक्षिकाला त्याच्या खुर्चीत तळावरचा एक जुना सार्जंट होता. त्याच्या कीटणाची ख्याती वर्गभर होती. मास्तरीणबाईंनी भिंग लावून प्रत्येक दात तपासला आणि खूण करून पुढे गेल्या. त्यांनी चूक काढली नाही, याचा अर्थ कळायला एरोलला जरा वेळ लागला.

पदवीच्या दिवशी सेलेस्ट रजा काढून आली. सभागृहात ती, नोएली, बर्डी, बर्डीचा नवरा आणि गुरुवारचं मंडळ अशी एक सबंध ओळ होती. एरोलचा झगा गुडघ्यापर्यंतच पोचत होता, कारण त्याच्या उंचीचा झगा मागवायचं त्याच्या डोक्यातून गेलं होतं. तो मंचावर चढला तेव्हा वर्गातल्या पोरींनी "पप्पा" म्हणून गलका केला, आणि अबोल हॅस्केलसाहेब उभे राहून शिट्टी वाजवायला लागले. ते शिट्टी वाजवू शकतात हे बर्डीलासुद्धा माहीत नव्हतं. एरोल परत येऊन सेलेस्टशेजारी बसला. तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, "आता माझे दात बघ. वर्षभर कॉर्नफ्लेक्सवर आहे मी."

आता एरोल अलास्कात एका दवाखान्यात आठवड्यातले चार दिवस काम करतो. या कामाचा परवाना नव्या राज्यात पुन्हा काढावा लागला. या वेळी तो घरी बसून काही ठरवत न बसता पहिल्याच दिवशी विचारायला गेला. शुक्रवारी तो गावाबाहेरच्या शाळांत जाऊन लहान मुलांना दात घासायला शिकवतो. त्यासाठी त्यानं हातभर लांबीचा ब्रश लाकडात स्वतः कोरलाय. पडदे त्यानं सरळ केले, पण सेलेस्ट कामावर गेलेली असताना.

सेलेस्टची निवृत्ती जवळ आलीय. त्यानंतर कुठे राहायचं हे पहिल्यांदाच कुणी दुसरा ठरवणार नाहीये, त्यामुळे दर रविवारी नाश्त्याला त्यावर भांडण होतं. सेलेस्टला आईजवळ, लुइझियानात जायचंय. नोएलीला कॅन्ससच्या कॉलेजात संगीत शिकायचंय आणि बर्डीचं तळघर तिनं परस्पर सांगूनही ठेवलंय. एरोल दोघींचंही म्हणणं बरोबर आहे असं म्हणत तव्यावरची धिरडी उलटतो, आणि मग अलास्कातले मासे किती ताजे असतात त्याबद्दल बोलायला लागतो.